कोटावरून घेतलेलं माप

“बंदुकीचा धक्का म्हणजे बंदुकीनं खांद्याला केलेला मुजरा असतो,” नाना म्हणाले, “आणि मुजरा कुणी उशीवर घेत नसतं.”

एवढं बोलून त्यांनी चमचा उचलला. चमचा ताटापासून वीतभर वर आला आणि तिथंच अडला. पुढची परवानगी खांदा देईना. आईनं चमचा त्यांच्या उजव्या हातातून काढला, डाव्या हातात दिला आणि आपलं जेवण पुढे सुरू केलं. मुजऱ्याचा विषय तेवढ्यावर मिटला असता. पण टेबलाभोवती तीन मुलं आणि एक सून बसलेली असताना या घरात कुठलाच विषय मिटत नसे.

“उशीवरून आठवलं,” वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. ‘उशी’ हा शब्द या घरात जपून वापरावा लागे. बैठकीच्या सोफ्यावर पिवळ्या काठाच्या दोन उशा होत्या, वहिनींनी स्वतः निवडून आणलेल्या. त्यांतली एक काही वर्षांपूर्वी नाहीशी झाली. ती धाकट्यानं गाडीत झोपायला नेली असं वहिनींचं ठाम मत होतं. वहिनींनीच ती माहेरी पोचवली आणि आता बोभाटा करतात, असं धाकट्याचं. या एका उशीपायी दीर-भावजय एक अख्खं वर्ष एकमेकांशी आईमार्फत बोलत होते.

“आज नको,” आई म्हणाली.

मधली नानांच्या समोरच बसली होती. तीन भावंडांतली मधली म्हणून तिला सगळे मधलीच म्हणत; तिला दुसरं काही नाव आहे हे फक्त बँकेला ठाऊक होतं. हसू आलं की पाणी प्यायचं ही तिची सवय. एव्हाना पाण्याचा जग तळाला गेला होता.

“मुद्द्यावर येऊ,” थोरला म्हणाला. थोरला विमा कंपनीतून निवृत्त झाला होता, पण बैठकीतून अजून उठला नव्हता. “डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. असा आणखी एक धक्का बसला की खांद्याचं हाड गेलं. तेव्हा आपल्यापुढे पर्याय दोन. पहिला, पुढच्या रविवारी नानांनी बार काढायचा नाही.”

“आणि दुसरा?” नानांनी विचारलं.

“दुसरा म्हणजे तोच,” धाकटा म्हणाला, “फक्त गोड शब्दांत सांगितलेला.”

पुढच्या रविवारी नेमबाजी क्लबची स्पर्धा होती आणि स्पर्धेचा पहिला बार नानांचा, हा मान त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. मागच्या रविवारी क्लबवर सराव बघायला म्हणून नाना गेले. त्यांचा जाडजूड शिकारी कोट त्या दिवशी आईनं धुऊन दोरीवर घातला होता. धाकट्यानं चार लोकांदेखत “होऊन जाऊ दे नाना!” म्हणत बंदूक हातात दिली. नाना नाही म्हणाले असते तर ते नाना कसले! नुसत्या सदऱ्यावर बार काढला, शांतपणे बाकावर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. खांद्यावर वांग्याच्या रंगाचा एक देश उमटला होता. त्याच्या सीमा अजून वाढत होत्या.

“तिसरा पर्याय आहे,” मधली म्हणाली. “दस्त्याला, खांद्याला टेकतो त्या टोकाला, रबरी पॅड लावू. धक्का रबर खाईल.”

“माझ्या वडिलांनी घडवलेला दस्ता आहे तो! अक्रोडाचा!” नानांनी चमचा आपटला, डावा हात असल्यामुळे तो आमटीत पडला. “त्याला रबर? ती काय चप्पल आहे?”

“पायाला टोचतं म्हणून चप्पल घालतो, खांद्याला लागतं म्हणून पॅड. त्यात लाजायचं काय?”

“मी याच्या विरोधात आहे,” थोरला म्हणाला. “परंपरेचा प्रश्न आहे.”

“मीही,” वहिनी म्हणाल्या. त्या नेहमी थोरल्याच्या अर्ध्या वाक्याच्या आत सहमत होत.

“लावायचा तर वरून चिकटवून टाक ना, ताई,” धाकटा म्हणाला. “एवढी चर्चा कशाला?” धाकटा दरवर्षी नवा धंदा काढी. सध्याच्या धंद्यासाठी त्यानं खिसेच खिसे असलेलं जाकीट आणि टोपी घेतली होती. नेमबाजाचं सगळं त्याच्याकडे होतं, नेम सोडून.

“वरून चिकटवला तर बंदूक तेवढी लांब होते. मग ती खांद्यात न बसता काखेत अडकते. पॅड जेवढा जाड, तेवढं लाकूड कापून टाकावं लागतं. म्हणजे आधी माणसाचं माप घ्यावं लागेल आणि मग दस्ता कापावा लागेल.”

“कुणाचं माप?” वहिनींनी विचारलं.

घास चावायचे थांबले.

कारण त्या दस्त्याला याआधी करवत लागली होती ती एकदाच. नानांच्या वडिलांनी म्हातारपणी एके दिवशी काही न बोलता नानांच्या हाताचं माप घेतलं, दस्ता त्या मापाचा केला आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्या बंदुकीच्या कारखान्यात पाऊल टाकलं नाही. कारखाना नानांचा झाला. ही गोष्ट नानांनी मुलांना इतक्यांदा सांगितली होती, की बंदूक ज्याच्या मापाची त्याचा कारखाना हे या घरात सगळे धरूनच चालत. म्हणूनच इतकी वर्षं दस्त्याला हात लावायचं नाव कुणी काढलं नव्हतं. आणि कारखान्याला हात लावायचा तर सगळ्यांनाच होता. थोरल्याला ती जागा फर्निचरच्या दुकानाला भाड्यानं द्यायची होती. धाकट्याला तिथं नेमबाजीचे वर्ग काढायचे होते, शेजारी कॉफी. मधलीला तिथं फक्त काम करायचं होतं, आणि ते ती शाळा सुटल्यापासून करतच होती. दारावरच्या पाटीवर आजोबांचं नाव होतं आणि पुढे ‘आणि सुपुत्र’. रंग उडाला की पाटी मधलीच रंगवी. ‘सुपुत्र’ ती फार सुबक काढायची.

“माझा विरोध तत्त्वाला होता,” थोरला घसा खाकरून म्हणाला. “तपशिलाला नाही. पॅड लावायला हरकत नाही.”

“यांचं माप घ्या,” वहिनी लगेच म्हणाल्या. “घरात सगळ्यांत लांब हात यांचाच.”

“ताटं उचलायच्या वेळी पोचत नाही तो कुठंच,” मधली म्हणाली.

“आणि पुढे बंदूक चालवणार कोण?” धाकटा खुर्ची सरकवून उभा राहिला आणि त्यानं हवेत बंदूक धरली. “दादा? दादा फटाका उडाला की कानात बोटं घालतो!”

“मी सावध माणूस आहे.”

“बंदूक माझी आहे,” नाना म्हणाले, “आणि मी अजून आहे. माप माझंच घ्यायचं. कशाला घेता तेही कळत नाही. साडेचौदा इंच. इतक्या वर्षांत माझ्यात नखाएवढा फरक नाही. माझा कोट आण गं!”

आईनं कोट आणला. कोट घातल्याशिवाय नाना बंदुकीजवळ जात नसत. मागच्या रविवारचा अपघात सोडून. त्यांनी छाती काढली, बंदूक धरल्यासारखा हात उचलला, आणि थोरल्यानं वहिनींच्या शिवणकामाची टेप खांद्याच्या खोबणीपासून चाप ओढायच्या बोटापर्यंत ताणली. मग चष्मा वर केला. मग खाली केला.

“साडेतेरा,” तो म्हणाला.

“टेप उलटी धरली असशील.”

“साडेतेराच आहे, नाना.”

“वय झालं की होतं तसं,” वहिनी मायेनं म्हणाल्या. “माणूस आकसतो. आमच्याकडे एक काका तर शेवटी शेवटी...”

काकांचं काय झालं ते कुणीच ऐकलं नाही. नाना टेपेकडे बघत होते. चोरानं आपल्याच घराला कुलूप लावून किल्ली आत विसरावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. मधलीला त्याचं नवल वाटलं. नाना भडकायला हवे होते.

थोरल्यानं मात्र टेप आपल्या हाताला लावून पाहिली, खिशात रुमाल शोधतोय असं दाखवत. त्याचं माप साडेतेराच निघालं. “तर मग ठरलं,” तो प्रसन्नपणे म्हणाला. “नानांच्या मापानं. साडेतेरा. सगळे साक्षीला आहेत.” धाकट्याचे हातही आईवरच गेलेले, म्हणून तोही तत्काळ नानांच्या मापाच्या बाजूनं झाला. कधी नव्हे ते दोघे भाऊ एकमेकांना भात वाढू लागले.

*

कारखाना घराच्या मागेच होता. एक लांब खोली, खिडकीखाली कामाचं टेबल, भिंतीवर अर्धवट घडलेले दस्ते उभे, आणि सगळ्यावर लाकडाच्या भुशाची साय. मधलीनं बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं बघितलं, दस्ता वेगळा करून चिमट्यात धरला आणि म्हणाली, “नाना, एकदा मला माप घेऊ द्या. दादाच्या हातात टेप म्हणजे नुसती शोभा.”

“घे.”

“कोट काढा.”

“कोटाशिवाय मी बंदूक धरत नाही.”

“मागच्या रविवारी धरलीत की.”

मधलीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, दस्ता जिथं टेकतो त्या खोबणीत. तिला तिथं हाड लागायला हवं होतं. बोटं आत गेली आणि सावकाश वर आली. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा वर आली. कोटाचं अस्तर काखेपाशी जरा उसवलेलं होतं, आणि त्यातून पिवळा काठ तिच्याकडे बघत होता.

ती पाणी प्यायला वळली. पाणी नव्हतं. मग तिनं गाल आतून चावून धरला.

अस्तराची शिवण मेणाच्या दोऱ्याची होती, दुहेरी टाक्याची. बंदुकीच्या चामडी पट्ट्याला घालतात ती. असा टाका घालणारी दोनच माणसं या घरात होती. त्यातली एक ती स्वतः.

“काय बघतेस?” नानांनी विचारलं.

“शिवण बघते.”

“हं.” नानांनी उसवलेलं अस्तर आत सारलं. “पक्की आहे ना?”

“पक्की आहे.”

“मग झालं तर.” नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. “आज उकडतंय फार,” ते म्हणाले आणि कोट काढून खुंटीला अडकवला.

आता मधलीला सगळं लख्ख दिसलं. गेली काही वर्षं नानांचा नेम चुकत होता. घरचे म्हणत, डोळे गेले. क्लबातले म्हणत, वय झालं. डोळेही गेले नव्हते आणि वयानंही काही केलं नव्हतं. खांदा आणि दस्ता यांच्यामध्ये वहिनींची उशी होती, त्यामुळे बंदूक इंचभर लांब पडत होती. आणि आज तीच उशी टेपेखाली आली, म्हणून माप इंचभर आखूड पडलं. दणकट दिसावं म्हणून नाना उशी घालून हिंडत होते, आणि त्या उशीनंच त्यांना सगळ्या घरादेखत छोटं करून दाखवलं.

तिनं टेप धरली. साडेचौदा. नखाएवढा फरक नव्हता.

“किती?”

“तुम्ही म्हणालात तेवढं.”

“मग!” नाना म्हणाले, आणि त्यांचा सुजलेला खांदासुद्धा जरा वर झाला. पण दारापर्यंत जाऊन थांबले. “त्यांना काय सांगशील?”

“काही नाही. कापीन.”

ते गेल्यावर तिनं दस्ता होता तसाच लावून बंदूक जोडली आणि स्वतःच्या खांद्याला लावून पाहिली. बसली. इतकी बसली, की तिला जरा भीतीच वाटली. नानांचे लांब हात तिन्ही मुलांत तिच्याकडेच आले होते. नानांचं माप म्हणजे तिचंही माप. भाऊ काय म्हणतील ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. अर्धा इंच जास्त कापावा, की कुणालाच धड बसणार नाही आणि भांडण नाही? पण आपला खरेपणा सिद्ध करायला खोटं माप कापावं इतकी ती साधी नव्हती. शिवाय अर्धा इंच चुकलेला दस्ता तिच्या हातून बाहेर पडला असता, तर तिला जेवण गेलं नसतं.

*

कापायच्या वेळी सगळे आत येऊन उभे राहिले, दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीच्या काचेबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे. मधलीनं दस्त्याच्या टोकाची शिंगाची पट्टी स्क्रू काढून बाजूला ठेवली. लाकडाचे पापुद्रे निघू नयेत म्हणून भोवती चिकटपट्टी घट्ट गुंडाळली, त्यावर रेघ मारली आणि बारीक दातांची करवत टेकवली.

“थांब,” थोरला म्हणाला. “दोन शब्द बोलावेत असं वाटतं.”

करवत चालू झाली. थोरल्याचे दोन शब्द त्या आवाजात गेले, ते कुणी परत मागितले नाहीत.

अक्रोडाची चकती टेबलावर पडली. थोरल्यानं ती रुमालात घेतली. “ही काचेच्या पेटीत राहील. आमच्याकडे.”

“तुमच्याकडे का?” धाकटा म्हणाला. “मी त्याच्यावर चषक बसवणार आहे.”

“आधी चषक मिळव.”

मधली कापलेलं तोंड काचेवर पसरलेल्या खरकागदावर घासत होती. सपाट पट्टी टेकवल्यावर तिच्याखालून दिसणारी उजेडाची रेघ दिसेनाशी झाली तेव्हा तिनं स्क्रूची जुनी भोकं लाकडी खुंट्या आणि सरस घालून बुजवली, नवी पाडली आणि हात पुसत म्हणाली, “वहिनी, फ्रीजरमधून पॅड आणता का?”

“म्हणजे ते काळं दिसतं, तो पॅड आहे?” वहिनींचा चेहरा बदलला. “मी सकाळपासून त्याला पाणी शिंपडतेय! मला वाटलं, सासूबाईंनी काहीतरी भिजत घातलंय.”

“रबर गार असलं की घासताना चिवटपणा करत नाही,” मधली म्हणाली. “माणसांचं उलट असतं.”

पॅड दस्त्यापेक्षा चहूबाजूंनी मोठा होता. तिनं स्क्रूंना साबण फासला, रबरातल्या चिरेतून ते आत फिरवले, म्हणजे चीर फाटत नाही, आणि अणकुचीदार आरीनं दस्त्याच्या कडेकडेनं पॅडच्या मागच्या पाठीवर रेघ ओढली. मग पॅड काढून घासायच्या चाकाला लावला. काळा धुरळा उडाला. जळक्या रबराचा वास सुटला. वहिनी पांढऱ्या कपड्यांत आल्या होत्या, त्या करड्या कपड्यांत परत गेल्या. थोरला शिंकत शिंकत “आपण जरा आढावा घेऊ” म्हणत होता. मधली रेघ गाठत गेली, शेवटचा केसाएवढा भाग तिनं हातानं घासला, आणि पॅडचं वरचं टोक गोल केलं, म्हणजे बंदूक वर येताना कपड्यात अडकत नाही. शेवटी तिनं डोळे मिटून लाकडावरून रबरावर अंगठा फिरवला. सांधा कळला नाही.

“फार छान,” धाकटा म्हणाला. “आता चला मागे!”

*

कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत मातीचा उंच बांध होता. तयार झालेली प्रत्येक बंदूक तिथंच तपासली जाई. बांधापुढे पत्र्याचा डबा ठेवला. आईनं नानांसाठी खुर्ची आणून ठेवली आणि खुर्चीच्या पाठीवर कोट.

नानांनी कोटाकडे हात केला. मधलीनं मान हलवली, अगदी एवढीशी. 

“उकडतंय,” नाना नाइलाजानं म्हणाले आणि नुसत्या सदऱ्यावर बंदूक खांद्याला लावली. त्यांचे ओठ घट्ट मिटले होते. वहिनींनी कानांवर हात ठेवले, थोरल्यानं कानांत बोटं घातली.

बार झाला. डबा हवेत एक गिरकी घेऊन बांधापलीकडे गेला.

नाना उभेच होते. त्यांनी खांदा हलवून पाहिला, मग दुसऱ्यांदा, कुणी बघत नाही असं समजून. काही वर्षांपूर्वी हरवलेलं काहीतरी कोनाड्यात सापडावं तसा त्यांचा चेहरा उजळला होता. 

“मला तरी काही फरक जाणवला नाही,” ते म्हणाले. 

“द्या इकडे!” धाकट्यानं टोपी सरळ केली. “आता आपली बंदूक, आपलं माप.” त्यानं झटक्यात बंदूक उचलली. दस्ता त्याच्या जाकिटाच्या तिसऱ्या खिशात अडकला, तिथून काखेत आणि काखेतून दंडावर आला. तेवढ्यात चाप ओढला गेला. गोळी बांधात गेली आणि धाकटा एक गिरकी घेऊन चिखलात बसला. डब्यासारखीच गिरकी, पण डबा गेला त्या झोकात नव्हे.

“लांब आहे!” तो दंड धरून ओरडला. “बंदूक लांब आहे, दादा!”

थोरल्यानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून चकती. टेपही त्याच्याजवळच होती. त्यानं चकती मोजली आणि त्याचा आवाज निवृत्तीआधीचा झाला.

“एक इंच. पॅड एक इंच, कापलं एक इंच. म्हणजे बंदूक होती तेवढीच राहिली. साडेचौदा. नानांचं माप साडेतेरा भरलं होतं, सगळ्यांसमोर. मधले, उचल बघू ती बंदूक.”

मधलीनं उचलली. ती इतकी सहज तिच्या खांद्यात जाऊन बसली, की वहिनींच्या तोंडून “बघा, बघा!” निघालं.

“स्वतःच्या मापाची करून घेतलीस!” धाकटा चिखलातून म्हणाला. “आमच्या डोळ्यांदेखत! ताई, तू?”

“आणि मी उशी नेली तर घर डोक्यावर घेतलं होतंत,” वहिनी म्हणाल्या, मग गडबडून, “म्हणजे, नेली नाहीच मी.”

“हे नानांचंच माप आहे,” मधली म्हणाली.

“सिद्ध कर.” थोरल्यानं टेप वर धरली. “हे नानांचं खरं माप आहे असं कुणीही मला दाखवून द्या. पाटीवरचं ‘सुपुत्र’ मी या हातानं खरवडून काढतो, आणि कारखाना तुझ्या नावावर करायला पहिली सही माझी.”

“दुसरी माझी,” धाकटा म्हणाला. “डाव्या हातानं करीन.”

“आणि नाही दाखवता आलं, तर उद्यापासून चाव्या आमच्याकडे.”

मधलीनं नानांकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. नानांनी आकाशाकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. त्या वाक्याच्या आड बसलेली उशी त्यांना दिसत होती, पिवळ्या काठासकट.

“माप सगळ्यांसमोर झालं होतं,” शेवटी ते म्हणाले. “आकसलो असेन. वय झालं माझं.”

या माणसाच्या तोंडून हे वाक्य मधलीनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. म्हातारा म्हणवून घ्यायला तयार होते, उशीवाला नाही. “मधलीचंही वय होतंय आता,” नानांनी बुटांकडे बघतच पुढे जोडलं. “चुकला असेल हात.”

तिच्या एप्रनच्या खिशात धारदार पातं होतं आणि कोट खुर्चीवर होता, हात लांब केला की मिळेल एवढ्या अंतरावर. आणि हात तर तिचे लांबच होते. शिवण पक्की आहे, असं ती म्हणाली होती. चुकला असेल हात, असं ते म्हणाले होते. तिनं पात्यावर अंगठा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. शाळा सुटल्यापासूनची सगळी लाकडं तिच्या डोळ्यांपुढून गेली. मग तिनं हात खिशातून रिकामाच बाहेर काढला आणि चाव्यांचा जुडगा सोडवायला कमरेशी नेला.

तेवढ्यात पाण्याचा जग घेऊन आई आली. तिनं मधलीच्या हातात पेला दिला, जग खुर्चीवर ठेवला, कोट उचलून झटकला आणि खांद्यापाशी दोन बोटांनी चाचपला.

“पॅड छान बसला ना?” तिनं नानांना विचारलं. “मग आता हा कोट काही लागणार नाही तुम्हाला. त्यातली सोफ्याची उशी तेवढी काढून द्या मला.”

थोरल्याच्या हातातली टेप सुळकन निसटून खाली पडली.

“तुम्हाला... माहीत होतं?” वहिनी म्हणाल्या.

“कोट धुते कोण?” आई म्हणाली. “तुम्ही सगळे एकमेकांना विचारत होतात. मला कुणी विचारलंच नाही.” तिनं कोट नानांच्या पुढे धरला. “संध्याकाळी पाहुणे यायचेत, एकटी उशी बरी दिसत नाही. आणि जरा जपून उसवा हं, कव्हर अजून चांगलं आहे.”